ड्युअल बूट बिघडलं? डिस्क मॅनेजमेंट उघडायच्या आधी हे वाचा

इंजिनिअरिंग कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे मी, यंदा बारा वर्षं होतील. सेकंड इयरला ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय लागला की पोरं विंडोजच्या शेजारी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकतात, म्हणजेच ड्युअल बूट, एका लॅपटॉपवर दोन सिस्टीम, कुणी सिनिअरला बसवून, कुणी यूट्यूब बघून, आणि मग पुढचं अख्खं सेमिस्टर ते लॅपटॉप एकेक करून माझ्या टेबलावर येत राहतात. वाक्य ठरलेलं, "मॅडम, पार्टिशन उडालं." उघडून बघावं तर पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला कप्पा, जागच्या जागी असतं. बिघडलेलं असतं ते त्याच्याकडे जायचं दार, म्हणजे बूट मेनू (चालू होताना कुठली सिस्टीम हवी ते विचारणारा), नाहीतर विंडोजने अर्धवट झोपवून ठेवलेली ड्राइव्ह, नाहीतर नुसता बायोसमधला (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमधला) क्रम. पार्टिशन खरोखर उडतं ते नंतर, घाबरून कुणीतरी विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट (पार्टिशन पाडायचं-पुसायचं टूल) उघडतो, "हे १०० एमबीचं कसलं रिकामं पडलंय" म्हणतो आणि डिलीट मारतो तेव्हा.

म्हणून खालचा क्रम पाळा. फुकटातलं आणि डिस्कवर काहीच न लिहिणारं आधी, डिस्कला हात लावणारं शेवटी. कमांड मी लॅबमध्ये तोंडी सांगते तशाच लिहिल्यात, टर्मिनलमध्ये किंवा कमांड प्रॉम्प्टवर टाइप करताना अर्थात इंग्रजी स्मॉल लेटर, आणि "सुडो" म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालवा. उदाहरणं उबुंटूची आहेत कारण आमच्याकडे तेच येतं, मिंटवालेही (तेही लिनक्सच) हेच करू शकतात.

आधी लक्षण ओळखा

- लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जातो, निवडायचा मेनूच येत नाही. काल संध्याकाळपर्यंत येत होता, रात्री अपडेट झालं.
- मेनू येतो पण त्यात विंडोजचं नावच नाही.
- काळी स्क्रीन, त्यावर "नो सच पार्टिशन" आणि खाली "ग्रब रेस्क्यू", पुढे कर्सर लुकलुकतोय. (ग्रब म्हणजे उबुंटूसोबत येणारा, निवडायचा मेनू दाखवणारा प्रोग्राम.)
- उबुंटूत डी ड्राइव्ह उघडत नाही, किंवा उघडते पण फाइल सेव्ह होत नाही, रीड ओन्ली म्हणते.
- उबुंटू चालू होताना दीड मिनिट नुसतं ताटकळत बसतं आणि मग येतं, किंवा येतच नाही, इमर्जन्सी मोड दाखवतं.
- सी ड्राइव्ह लाल झालीय, शेजारी मोकळी जागा दिसतेय, पण एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकट आहे, क्लिकच होत नाही.
- निळी स्क्रीन येऊन बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) की मागतेय.
- "एसबॅट सेल्फ चेक फेल्ड" असं काहीतरी दाखवून लॅपटॉप बंदच होतो.

घड्याळ साडेपाच तास मागे दाखवतंय हे पण पुष्कळ जण यातच सांगतात. त्याचा पार्टिशनशी काही संबंध नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच वेळ भारताची समजून दाखवतं, फरक बरोबर साडेपाच तासांचा. उबुंटूत "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" एकदा दिलं की मिटलं. पुढे चला.

काहीही करायच्या आधी दोन गोष्टी

एक, स्क्रीनचा फोटो काढा. पोरं सांगतात "मॅडम, काहीतरी एरर आला होता", आणि त्या काहीतरीमध्येच उत्तर असतं. विंडोज चालू होत असेल तर डिस्क मॅनेजमेंटचाही फोटो काढून ठेवा, फक्त फोटो, राइट क्लिक नाही. पुढे कधी पार्टिशन टेबल (डिस्कवरची पार्टिशनची यादी) बिघडलं तर कुठलं पार्टिशन केवढं होतं हे त्या फोटोवरून कळतं. मी स्वतः अशा एका व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवरून एकाची अख्खी मांडणी परत जुळवलेली आहे.

दोन, बिटलॉकरची की. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आधीपासूनच चालू असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. विंडोज ११ च्या २४एच२ पासून तर नवीन इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट (विश्वासातल्याच सिस्टीमला चालू होऊ देणारी सेटिंग) बदललं, बूटचा काही भाग बदलला, की पुढच्या वेळी ४८ आकडी की मागणार. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ऑनलाइन सापडते. आता कुठलं अकाउंट, हा खरा प्रश्न. मागच्या वर्षी एका मुलीचा लॅपटॉप आला, तिच्या अकाउंटमध्ये की नाही, वडिलांच्या नाही, भावाच्या नाही. शेवटी तिला आठवलं की दुकानदाराने खोका उघडून "सेटअप करून देतो" म्हणून स्वतःचाच ईमेल टाकला होता. तिच्या वडिलांनी त्याला फोन लावला, नशीब की त्याला पासवर्ड आठवत होता. तर आधी की शोधा, कागदावर उतरवा (त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करू नका हो), मगच खाली जा.

१. फास्ट स्टार्टअप, सगळ्यात जास्त वेळा हाच चोर

उबुंटूत डी ड्राइव्ह उघडत नाही, रीड ओन्ली दाखवते, किंवा बॅड सुपरब्लॉक वगैरे भीतीदायक काहीतरी म्हणते, तर नव्वद टक्के मी इथेच थांबते. विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे पूर्ण शटडाऊन नसतोच, विंडोज आपला गाभा हायबरनेट करून झोपतं, म्हणजे पुढच्या वेळी पटकन उठता येतं. पण झोपताना ड्राइव्ह "माझं काम अर्धवट आहे" अशा खुणेनं ठेवलेल्या असतात. लिनक्स ती खूण बघतं आणि म्हणतं मी यात लिहिणार नाही. बरोबरच आहे त्याचं, लिहिलं असतं तर विंडोज उठल्यावर आपल्या जुन्या आठवणीनुसार त्यावरच परत लिहिलं असतं आणि दोघांनी मिळून फाइलींचा चिवडा केला असता. लिनक्स कर्नल (गाभा) ५.१५ मध्ये २०२१ साली एनटीएफएसचा (विंडोजच्या ड्राइव्हवर फाइली ठेवायच्या पद्धतीचा) नवीन ड्रायव्हर आला, तो तर अशी ड्राइव्ह सरळ उघडायलाच नकार देतो, त्यामुळे "काल रीड ओन्ली तरी उघडत होती, उबुंटू अपडेट केलं आणि आज उघडतच नाही" असंही होतं. ड्राइव्ह तीच, राखणदार कडक झाला.

साधी तपासणी, विंडोजमध्ये जा आणि शटडाऊन नाही तर रीस्टार्ट करा, आणि मेनूतून उबुंटू निवडा. रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं. ड्राइव्ह उघडली? मग निदान झालं. आता कायमचं, कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", वर निळ्या अक्षरात "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल", आणि खाली फास्ट स्टार्टअपची टिक काढा. मोठ्या विंडोज अपडेटनंतर ती टिक परत आलेली मी पाहिलीय, त्यामुळे सहा महिन्यांनी तोच प्रॉब्लेम आला तर परत इथेच बघा. मी सरळ ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर "पॉवरसीएफजी मायनस एच ऑफ" देते, हायबरनेशनच बंद होतं आणि सी ड्राइव्हवर काही जीबी मोकळे होतात ते वेगळेच.

एवढं करूनही उघडली नाही तर आधी खाली सहाव्या मुद्द्यात सांगितलेली डिस्कची तब्येत बघा, ती ठीक असेल तर विंडोजमध्ये त्या ड्राइव्हवर चेकडिस्क (टाइप करताना सीएचकेडीएसके) चालवा, स्लॅश एफ लावून. एनटीएफएस दुरुस्त करायचं काम विंडोजचं. लिनक्समध्ये एनटीएफएसफिक्स नावाचं आहे एक, पण ते चेकडिस्कची जागा घेत नाही, जुजबी काही ठीक करतं आणि बरेचदा ती खूण नुसती पुसून टाकतं. गॅसचा वास येतोय म्हणून नाकाला रुमाल बांधण्यातला प्रकार.

इथेच एका पोराची गोष्ट सांगते, त्याचं ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा छापील रिपोर्ट) डी ड्राइव्हवर होतं. लास्ट इयर, सबमिशनला चार दिवस, उबुंटूत डी ड्राइव्ह उघडेना, हॉस्टेलवरच्या कुणीतरी सांगितलं फॉरमॅट कर मग उघडेल. उघडली ना. रिकामी. एसएसडी होती, आणि एसएसडीवर विंडोजने फॉरमॅट मारलं की ट्रिम जातं, म्हणजे ड्राइव्हला कळवलं जातं की हे ब्लॉक आता नकोत, तिथून परत काही मिळणं फार कठीण. रीस्टार्टने सुटणारा प्रॉब्लेम होता.

२. बायोसमधला क्रम

मेनूच येत नाही, थेट विंडोज. आधी ग्रब रीइन्स्टॉल करायला धावू नका. चालू करताना एफ१२ किंवा एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे वेगळं, बूट मेनू उघडा. त्यात "उबुंटू" आणि "विंडोज बूट मॅनेजर" दोन्ही नावं दिसली तर सगळं ठीक आहे, फक्त अपडेटने विंडोजला पहिल्या नंबरावर नेऊन बसवलंय. बायोसमध्ये जाऊन उबुंटू वर घ्या. दोन मिनिटांचं काम. काही लॅपटॉप हट्टी असतात, आपला क्रम विसरतात, त्यांच्यासाठी उबुंटूत जाऊन "सुडो ईएफआयबूटएमजीआर" दिलं की क्रम दिसतो आणि बदलताही येतो.

बायोसमध्ये असताना लीगसी किंवा सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सेटिंग) असं काही दिसलं तर त्याला हात लावू नका. विंडोज यूईएफआयमध्ये (बूटच्या नव्या पद्धतीत) असताना लीगसी केलं तर बूट व्हायला काही सापडतच नाही आणि मग खरंच वाटायला लागतं की डिस्क गेली. उलट, पार्टिशन व्यवस्थित असूनही मेनूत दुसरी सिस्टीम येतच नसेल तर पेन ड्राइव्ह लीगसीत बूट करून लिनक्स टाकलं गेलं होतं का ते तपासा. विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ उघडून "बायोस मोड" वाचा. दोघांचा मोड एकच पाहिजे, नाहीतर ग्रब दुसऱ्याला हाकच मारू शकत नाही.

३. एसबॅट आणि सिक्युअर बूट

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर आठवडाभर मला दुसरं काम नव्हतं. जुन्या, भोकं असलेल्या बूटलोडरना (सिस्टीम चालू करणाऱ्या प्रोग्रामना) अडवायला ते अपडेट होतं (या अडवण्याच्या पद्धतीलाच एसबॅट म्हणतात), ड्युअल बूटवाल्या मशीनना लागू व्हायला नको होतं पण झालं, आणि उबुंटू निवडलं की "समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग" लिहून लॅपटॉप बंद. वाक्य वाचून पोरांचे चेहरे पडायचे. पार्टिशनला काहीही झालेलं नसतं. बिटलॉकरची की हाताशी आहे ना, मग सिक्युअर बूट बंद करा, उबुंटूत जा, "सुडो मॉकयूटिल मायनस मायनस सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट", रीबूट करून परत उबुंटूतच या, तिथे सगळे अपडेट घ्या, मग सिक्युअर बूट परत चालू. चालू करायला विसरू नका, बरेच जण बंदच ठेवतात आणि मग एखादा ऑनलाइन गेम चालत नाही म्हणून परत येतात.

४. मेनूत विंडोज नाही

ग्रबच्या २.०६ व्हर्जनपासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. उबुंटू टाकताना तो बहुधा चालतो, पण नंतर कधी ग्रबची सेटिंग बदलली की विंडोज गायब. ईटीसी स्लॅश डिफॉल्ट स्लॅश ग्रब ही फाइल उघडा, "ग्रब अंडरस्कोर डिसेबल अंडरस्कोर ओएस अंडरस्कोर प्रोबर" ही ओळ (ही तेवढी कॅपिटलमध्ये) शोधा, पुढचा हॅश काढून फॉल्स करा, नसेल तर लिहा, आणि "सुडो अपडेट-ग्रब". स्क्रीनवर "फाउंड विंडोज बूट मॅनेजर" असं दिसलं की झालं. नाही दिसलं तर वरचं लीगसी-यूईएफआयचं परत वाचा.

५. दीड मिनिटाचं ताटकळणं

हे ओळखायला सोपं, बरोबर नव्वद सेकंद, कारण सिस्टीमडी (लिनक्समधलं बाकी सगळं चालू करणारा प्रोग्राम) एखाद्या डिस्कची तेवढीच वाट बघतं. कधी होतं? तुम्ही मध्ये दुसरं लिनक्स टाकलंत आणि त्याने स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची जागा) नव्याने फॉरमॅट केलं, किंवा विंडोजमधून एखादं पार्टिशन काढलं. प्रत्येक पार्टिशनला एक लांबलचक यूयूआयडी (ओळख क्रमांक) असतो, फॉरमॅट केलं की तो बदलतो, आणि ईटीसीमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये (चालू होताना कुठल्या ड्राइव्ह जोडायच्या त्याची यादी) जुनाच लिहिलेला असतो. लिनक्स जुन्या पत्त्यावर जाऊन बेल वाजवत उभं राहतं. स्वॅप असेल तर कंटाळून पुढे जातं, डेटाचं पार्टिशन असेल तर इमर्जन्सी मोडमध्ये पडतं.

"सुडो बीएलकेआयडी" देऊन खरे यूयूआयडी बघा, एफएसटॅबशी ताडून बघा, जो जुळत नाही तो दुरुस्त करा किंवा त्या ओळीपुढे हॅश टाका. सी-डी सारख्या विंडोजच्या ड्राइव्ह एफएसटॅबमध्ये लिहिल्या असतील तर त्यांच्या ऑप्शनमध्ये "नोफेल" लिहाच, म्हणजे ती ड्राइव्ह रुसली तरी उबुंटू चालू होईल. हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगते, कुणी ऐकत नाही.

६. पुढे जायच्या आधी डिस्कची तब्येत

इथपर्यंत सुटलं नाही तर आता आपण डिस्कवर लिहायच्या जवळ आलोय, त्यामुळे आधी डिस्क धडधाकट आहे का बघू. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो, उबुंटूत डिस्क्स नावाचं जे ॲप आहे त्यात स्मार्ट डेटा (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद). हार्ड डिस्क असेल तर रीअॅलोकेटेड सेक्टर (बदली केलेले खराब तुकडे) आणि करंट पेंडिंग सेक्टर (खराब असल्याचा संशय असलेले) या दोन ओळी वाचा. पेंडिंग शून्याच्या वर असेल तर पार्टिशन हलवणं, चेकडिस्क, काहीही करू नका, आधी डेटा दुसरीकडे काढा. आजारी डिस्कवर चेकडिस्क चालवणं म्हणजे फ्रॅक्चर पायाला कवायत लावणं, तो प्रत्येक कोपरा वाचायला जातो आणि तेवढ्यातच डिस्क जीव सोडते. कटकट आवाज येत असेल तर हे ॲपसुद्धा उघडू नका, बंद करा.

७. ग्रब रेस्क्यू

काळ्या स्क्रीनवर ग्रब रेस्क्यू. याचं मुख्य कारण एकच, ग्रबचा छोटा तुकडा जिवंत आहे पण त्याचं बाकीचं सामान लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतं आणि ते त्याला सापडत नाहीये. एकतर तुम्ही लिनक्सचं पार्टिशन डिलीट केलंत, किंवा पार्टिशनचा नंबर बदलला.

तिथेच "एलएस" टाइप करा. (एचडी०,जीपीटी१), (एचडी०,जीपीटी२) अशी रांग येईल. एकेकाला विचारत जायचं, "एलएस (एचडी०,जीपीटी५)/" असं. "अननोन फाइलसिस्टीम" म्हटलं तर ते आपलं नाही, बहुतेक विंडोजचं असेल, घाबरू नका. बूट, होम, ईटीसी अशी फोल्डर दिसली की सापडलं. मग चार ओळी, नंबर तुमचा टाकायचा:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी५)
सेट प्रिफिक्स=(एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

मेनू आला पाहिजे. आला की आत जाऊन "सुडो ग्रब-इन्स्टॉल" (जुन्या लीगसी मशीनवर पुढे डिस्कचं नाव लागतं, पार्टिशनचं नाही) आणि "सुडो अपडेट-ग्रब" द्या, नाहीतर उद्या सकाळी परत तीच काळी स्क्रीन. टायपिंगचा कंटाळा असेल तर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू लाइव्ह (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारं) करून त्यात बूट-रिपेअर टाकून चालवा, तेही चालतं, पण ते काय काय करणार आहे ते वाचून मगच अप्लाय.

आणि लिनक्स तुम्ही मुद्दाम काढलं होतं, आता फक्त विंडोज पाहिजे? मग यातलं काहीच नको, यूईएफआय मशीनवर बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडा आणि बायोसमध्ये तोच पहिला करा. यूट्यूबवर सांगतात ते "बूटरेक फिक्सएमबीआर" जुन्या लीगसी मशीनसाठी आहे, यूईएफआयवर त्याने काही होत नाही.

८. जागा आहे पण देता येत नाही

सी ड्राइव्ह भरली, म्हणून विंडोजमधून दुसरीकडचं ५० जीबी श्रिंक केलं, मोकळी जागा दिसतेय, पण एक्स्टेंड फिकट. कारण विंडोजला जागा सी ला अगदी खेटून, उजव्या बाजूला लागते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन किंवा लिनक्स बसलेलं असतं. चाळीतल्यासारखं आहे हे, तिसरी खोली रिकामी झाली म्हणून पहिल्या खोलीवाल्याला भिंत पाडता येत नाही.

मधली दोन छोटी पार्टिशन कुणाला तरी नकोशी वाटतातच, म्हणून सांगते. १०० किंवा २६० एमबीचं फॅट३२ असलेलं ते ईएफआय सिस्टीम पार्टिशन, विंडोज आणि उबुंटू दोघांचेही बूटलोडर त्यात असतात, ते उडालं की दोघंही गेले. रिकव्हरीही उगाच उडवू नका, २०२४ च्या जानेवारीत विंडोजचं एक अपडेट रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी जादा जागा नाही म्हणून कितीतरी मशीनवर लागेना, तेव्हा लोक तेच पार्टिशन वाढवायच्या मागे लागले होते. आणि लिनक्सच्या पार्टिशनसमोर डिस्क मॅनेजमेंट फाइल सिस्टीमचं नावच लिहीत नाही, नुसतं "हेल्दी, प्रायमरी पार्टिशन". रिकामं नाहीये ते, विंडोजला वाचता येत नाही एवढंच.

हलवायचंच असेल तर नियम असा, विंडोजचं पार्टिशन विंडोजमधून लहान करा, लिनक्सचं लाइव्ह पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड या पार्टिशनच्या टूलने. त्यात पार्टिशनपुढे कुलूप दिसलं तर स्वॅप ऑफ करा. एक्सएफएस फाइल सिस्टीम असेल तर ते लहान होतच नाही, नाद सोडा. आणि पार्टिशनची डावी कड सरकवणं म्हणजे आतला सगळा डेटा उचलून पुढे ठेवणं, दोनशे जीबीला हार्ड डिस्कवर काही तास सहज जातात, आणि त्यात मध्ये लाइट गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी अर्धा नव्या. आमच्याकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, मी डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय हे करत नाही आणि लॅपटॉपची बॅटरी फुगलेली किंवा मेलेली असेल तरी नाही. खरं सांगू का, दहातल्या नऊ जणांना मी म्हणते डाउनलोड्स फोल्डर रिकामं कर, नाहीतर दुसरी एसएसडी टाक आणि लिनक्स तिच्यावर ने. दोन डिस्कवर दोन सिस्टीम असल्या की यातली निम्मी भांडणं होतच नाहीत.

९. खरंच डिलीट झालं

झालं तर झालं, आता एकच काम, त्या डिस्कवर काही लिहू नका. नवीन पार्टिशन बनवू नका, "फॉरमॅट करायचं का" विचारलं तर नाही म्हणा, विंडोजही त्या डिस्कवरून चालू ठेवू नका. पार्टिशन डिलीट होतं म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या यादीतली नोंद जाते, आतला माल बहुतेक वेळा तिथेच असतो जोवर कुणी त्यावर लिहीत नाही.

लाइव्ह पेन ड्राइव्हवरून टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशन शोधणारं टूल) चालवा. ॲनालाइज, मग क्विक सर्च. हरवलेलं पार्टिशन यादीत आलं की लगेच राइट करू नका, त्यावर पी दाबून आतल्या फाइली दिसतात का बघा. आपली नावं दिसली, आकार त्या पहिल्या फोटोशी जुळला, तरच राइट. एकमेकांवर चढलेली दोन पार्टिशन दाखवत असेल तर एक जुनं भूत असतं, आधीच्या कुठल्यातरी इन्स्टॉलेशनचं. त्यातलं कुठलं खरं ते ठरवता येत नसेल तर थांबा, अंदाजाने राइट नको. डेटा महत्त्वाचा असेल तर आधी डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची कॉपी दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या, आणि प्रयोग कॉपीवर करा. वेळखाऊ आहे, पण चूक झाली तरी मूळ डिस्क तशीच राहते.

कुठे थांबायचं

डिस्कमधून आवाज येतोय, किंवा ती बायोसमध्ये कधी दिसते कधी नाही. बंद करून बाजूला ठेवा, "एकदा शेवटचं चालू करून बघू" हे नको. हे डेटा रिकव्हरीवाल्याचं काम आहे, कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याचंही नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

पार्टिशन हलवताना मध्येच बंद पडलं आणि दुसरी कॉपी नाही. इथे मी स्वतःही हात लावत नाही, माझ्या बहिणीच्या लॅपटॉपलाही लावला नव्हता.

अख्खी डिस्क अनअलोकेटेड (एकही पार्टिशन नसलेली) दिसतेय आणि आत लग्नाचे फोटो, हिशोब, प्रोजेक्ट असं काही आहे. फक्त गेम आणि सिनेमे असतील तर टेस्टडिस्कवर हात साफ करून घ्या, शिकायला बरं आहे.

बिटलॉकरची की कुठेच सापडत नाही. यात प्रोफेशनलही काही करू शकत नाही, "की शिवाय उघडून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. सगळी अकाउंट शोधा, दुकानदारासकट, कॉलेजच्या ईमेलसकट.

आणि दुकानात नेताना एक गोष्ट. "चालू करून द्या" एवढंच म्हटलं की बहुतेक ठिकाणी ते फॉरमॅट मारून कोरं विंडोज टाकून देतात, त्यांच्या लेखी लॅपटॉप चालू झाला, काम झालं. म्हणून लॅपटॉपच्या झाकणावर कागद चिकटवा, जाड पेनाने: "लिनक्सचं पार्टिशन आहे. फॉरमॅट करू नये. आधी डेटा." खाली तुमचा फोन नंबर, आणि लिहायच्या आधी विचारा म्हणून सांगून या.